चढावर इवाई मागं राहिले

माणूस गेल्याची बातमी दुसरं कुणीतरी आणतं आणि आपण ऐकतो, असंच आजवर माझं होत आलं. बाप गेला तेव्हा गावाकडनं तार आली. बायको गेली तेव्हा वॉर्डातली सिस्टर बाहेर येऊन सांगून गेली. ह्या वेळी सांगायची पाळी माझ्यावर आली, आणि सांगायला फोनला रेंज नव्हती... विकाराबादच्या पुढच्या डोंगरात, बंद पडलेल्या दगडाच्या खाणीजवळ, माझे इवाई कपारीला पाठ लावून बसलेले होते आणि मी फोन वर धरून इकडून तिकडं फिरत होतो. थोड्या वेळानं दोघं सायकलवाले मागनं आले. त्यातला एक तसाच उलटा खाली गेटाकडं गेला. त्यानं माझ्या लेकीला फोनवर काय सांगितलं, कसं सांगितलं, मला माहीत नाही. मी तिथंच बसलो. ऊन त्यांच्या तोंडावर यायला लागलं तसा गळ्यातला पंचा काढून आडवा धरला. मेलेल्या माणसाला ऊन लागत नाही हे मला कळतं. पण हाताला दुसरं काम नव्हतं.

आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात. माझ्या करुणाचे सासरे, वसंतराव. पुण्याचे. कारखान्यात नकाशे काढायच्या टेबलावर त्यांची सगळी नोकरी गेली. मी देगलूरकडचा, हैदराबादला बापाबरोबर लहानपणी आलो. बाप गौलीगुड्याच्या बाजारात पोती उचलायचा. मी चौथी शिकलो आणि आबिड्समधल्या एका ऑफिसात शिपाई म्हणून लागलो, तिथंच रिटायर झालो. टपालाची थैली कॅरिअरला बांधून ह्या शहरात मी सायकल हाणली, म्हणून सायकल मला नवी नाही. लिहायची मात्र सवय नाही. करुणा म्हणाली, बाबा, तुम्ही बोलता तसंच लिहा, सफाईदार करायला जाऊ नका. तसं लिहितो. कुठं चुकलं तर सोडून द्या.

खरं सांगायचं तर पहिली बरीच वर्षं मला हा माणूस आवडत नव्हता. आम्ही बौद्ध, ते बामण. पोरांनी एका ऑफिसात काम करता करता ठरवलं आणि आम्हाला कळवलं. माझी बायको पंचफुला तेव्हा होती. ती म्हणाली, पोरगी सुखात राहील ना, मग बास. कोर्टात सह्या झाल्या, संध्याकाळी एका हॉलात जेवण ठेवलं. आमच्या माणसांनी वंदना घेतली तेव्हा त्यांच्याकडचे लोक बाहेर हवा खायला गेले. मी रीतीप्रमाणं टॉवेल-टोपीचा आहेर घेऊन वसंतरावांपुढं गेलो. इवायाला इवाई भेटतो, छातीला छाती लावतो, फोटोवाला तयार असतो. ते खुर्चीवरनं उठले नाहीत. आहेर घेतला, बाजूच्या माणसाच्या हातात दिला आणि "जेवून घ्या" म्हणाले. फोटोत मी मागच्या रांगेत आहे, कुणाच्या तरी खांद्यामागनं अर्धं तोंड दिसतं. पंचफुलानं तो फोटो कधी भिंतीला लावू दिला नाही.

त्यानंतर पुष्कळ वर्षं करुणाच्या घरी मी चहापुरता जायचो. ते पुण्याहून आलेले असले तर तेवढंही नाही. पंचफुला गेली तेव्हा ते आले होते, दारात उभे राहिले. मग नात झाली, त्यांनी पुण्याचं घर बंद केलं आणि दोघं नवरा-बायको कुकटपल्लीला मुलाकडं राहायला आले. मीही तोवर एकटा पडलो होतो. नातीसाठी जावंच लागायचं. दोन म्हातारे एका खोलीत समोरासमोर बसायचे, मध्ये पोरगी खेळायची, आणि आम्ही दोघं तिच्याशीच बोलायचो.

सायकलीचं समीरनं काढलं. समीर म्हणजे माझा जावई, त्यांचा एकुलता मुलगा. वसंतरावांची शुगर वाढली, डॉक्टर म्हणाला हालचाल पाहिजे, तर समीरनं त्यांना गिअरची सायकल आणून दिली. कुकटपल्लीतल्या ऑफिसवाल्या लोकांचा एक गट दर रविवारी पहाटे टेम्पोत सायकली घालून विकाराबादकडं जातो. तिथं डोंगरात निजामाच्या वेळेपासून फरशीचा दगड काढत. खाणी बंद पडल्या, झाडं वाढली, आता सरकारनं त्या सगळ्याचं वनउद्यान केलंय आणि सायकलींसाठी वाटा आखल्यात. दगडावर पिवळा बाण दिसला की छोटी वाट, लाल बाण दिसला की लांबची. तरणे लोक लालवर जातात. वसंतरावांना पिवळ्यावर एकटं कसं सोडायचं, म्हणून करुणानं मला गळ घातली. मामा, तुम्ही असलात की मला घोर नाही, असं समीर म्हणाला. तो मला मामा म्हणतो, करुणानं शिकवलंय. मी नातीकडं बघून हो म्हणालो, त्यांच्याकडं बघून नाही. मग माझ्यासाठीही तसलीच गिअरची सायकल आली.

पहिल्याच दिवशी गेटावर भांडण झालं. पिवळी वाट अरुंद, एकामागं एकच सायकल जाते. मी बाजूला झालो. म्हटलं, व्हा पुढं. ते म्हणाले, नाही, तुम्ही व्हा. मी म्हटलं, मी मुलीकडचा, माझी जागा मागं, लग्नात दाखवली तुम्ही ती. हे बोलणं मी कितीतरी वर्षं तोंडात धरून ठेवलं होतं, तिथं ते बाहेर पडलं. त्यांचं तोंड उतरलं, पण हलले नाहीत. आमच्यामागं सायकलवाल्यांची रांग लागली. एक हैदराबादी तरणा म्हणाला, "क्या चच्चा, दोनों इधरिच रहनेका इरादा है क्या?" सगळे हसले. गेटावरचा राखणदार पेद्दन्ना तेलुगूत काहीतरी पुटपुटला, तोही हसला. वसंतराव मात्र हसले नाहीत. माझ्या हँडलला हात लावून हळू म्हणाले,

"तेव्हा मी उठलो नाही. आता मी मागं राहीन, इवाई. तुम्ही पुढं व्हा."

इवाई हा शब्द त्यांच्या तोंडी मी पहिल्यांदा ऐकला. पुण्याच्या माणसाच्या तोंडात तो जरा बसत नव्हता. मी पायडल मारलं आणि पुढं झालो. त्या दिवसापासून तसंच ठरून गेलं. मी पुढं, ते मागं.

ही वाट तुम्हाला सांगायला पाहिजे, कारण आमची सगळी ओळख तिथंच झाली. गेटापासून थोडं सपाट आहे, सागाची झाडं. मग डाव्या हाताला पहिली खाण लागते, पायऱ्या पायऱ्यांनी कापलेली, तळाला हिरवं पाणी. त्यापुढं गंजलेले रूळ आहेत, त्यावरनं दगडाच्या ट्रॉल्या जायच्या, आता मधून तरवड उगवलाय. सुरुंगाची दारू ठेवायची एक जाड भिंतींची खोली आहे, छप्पर उडालेलं. तिथून खरा चढ सुरू होतो, वळणं घेत घेत, आणि वर जुनं इंजिनघर येतं. तिथं चिंचेखाली बाक आहे, पोहोचलं की बसायचं, डबा उघडायचा. विहीणबाई मेथीचे ठेपले द्यायच्या, मी घरनं ज्वारीची भाकरी आणि ठेचा न्यायचो. ठेचा खाऊन त्यांच्या डोळ्यांतनं पाणी यायचं, तरी पुढच्या रविवारी आधी विचारायचे, आणलाय ना?

जागोजागी इंग्रजी पाट्या लावल्यात, ते थांबून वाचायचे आणि मला मराठीत सांगायचे. कुठल्या वर्षी काय, मशीन कुठून आलं, किती माणसं कामाला. मला त्यात फार गोडी नव्हती. एकदा खाणीच्या कापलेल्या अंगावर हात फिरवत म्हणाले, आमच्या पुण्याच्या स्वयंपाकघरातली फरशी इथलीच असणार बघा. मी म्हटलं, असेल. आमच्या घरात शेणाची जमीन होती. त्यांनी दगडावरचा हात काढला. मग म्हणाले, तुम्ही बोलायला लागलात की माणसाला बसायला जागा ठेवत नाही. मी म्हटलं, बाक आहे की वर, चला. त्यावर मात्र पोट धरून हसले. मोठ्यानं हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

वर मी आधी पोहोचायचो. ते पाठोपाठ यायचे. मग हळूहळू जरा उशिरानं यायला लागले. आले की कारण सांगायचे. मोर होता. बुटाची लेस सुटली. दगडात एक शिंपला दिसला, तो बघत राहिलो. मला वाटायचं, ह्या माणसाला बघायची हौस आहे, बघू दे. वाट बघताना मी भाकरी सोडायचो नाही, त्यांच्यासाठी थांबायचो. खरं म्हणजे मला पुढं जायला आवडत होतं. आयुष्यभर कुणी मला पुढं हो म्हटलं नव्हतं. ऑफिसात साहेबाच्या मागं बॅग घेऊन चालायचं, गावात तर बोलायलाच नको. आणि इथं एक माणूस दर रविवारी गेटावर थांबून हात पुढं करतो, या म्हणतो. मी चढावर कधी मागं वळून बघितलं नाही. मागं कोण आहे हे मला माहीत होतं, म्हणून बघायची गरज वाटली नाही. सुरुवातीला ते मानानं मागं राहत होते. नंतर नंतर मानानं राहत होते की दमानं, हे मला आजही सांगता येत नाही.

शेवटच्या रविवारी ते टेम्पोत गप्प होते. नातीला सायकल शिकवायची म्हणून मी काहीतरी बोलत होतो, ते हं हं करत होते. गेटावर नेहमीप्रमाणं थांबले. या, इवाई, म्हणाले. तेवढंच. दारूच्या खोलीपाशी मी गिअर कमी केला आणि चढ धरला. वर जाऊन बसलो. मोर असेल म्हटलं. डबा उघडला, पुन्हा लावून ठेवला. मग सायकल तिथंच टाकली आणि चालत खाली आलो. चढाच्या मध्यावर एक वळण आहे, तिथं खाणीची कपार वाटेला येऊन टेकते. त्यांची सायकल स्टँडवर नीट लावलेली होती, हेल्मेट दांडीला अडकवलेलं. ते कपारीला टेकून बसले होते, पाय लांब करून, जसं कुणी सावलीला बसावं. मी हाक मारली. मग हात लावला.

सायकल स्टँडवर लावली म्हणजे त्यांना वेळ मिळाला होता. हे माझ्या डोक्यातनं जात नाही. एकदम पडला असता माणूस, तर मी म्हटलं असतं, कुणाला काय करता आलं असतं. पण त्यांना उतरायला, स्टँड लावायला, हेल्मेट काढायला वेळ मिळाला. मग हाक मारायलाही मिळाला असेल... नसेल...

डॉक्टर म्हणाला हृदयाचा झटका. लोक म्हणाले, चांगलं मरण आलं, कुणाला त्रास नाही, डोंगरात, मोकळ्या हवेत. असं कुणी म्हणालं की मी उठून जातो. पुण्याहून त्यांचे भाऊबंद आले. स्मशानाच्या फाटकात गाडीतून तिरडी उतरवली तेव्हा मी बाजूला, भिंतीजवळ उभा राहिलो. ते त्यांचं काम आहे असं मी समजून होतो. त्यांच्यातला एक वयस्कर गृहस्थ समीरला हळूच म्हणाला, घरच्याच चौघांनी घ्या. समीरनं त्याच्याकडं बघितलंही नाही. माझ्यापुढं आला, माझा दंड धरला. "मामा, तुम्ही पुढं या," म्हणाला. मी पुढचा डावा खांदा दिला. चालताना तिरडीचा बांबू मानेला लागत होता. आणि ते माझ्या मागं होते, नेहमीसारखे, आणि मला वळून बघता येत नव्हतं.

दिवस झाल्यावर पाहुणे गेले. विहीणबाईंनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, दोन महिन्यांपासून छातीत दुखत होतं, डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या सांगितल्या होत्या, तारीख ते पुढं ढकलत होते. मला शपथ घातली होती की इवायांना सांगू नकोस, त्यांना कळलं तर ते मला नेणार नाहीत. मला राग आला. मेलेल्या माणसाचा राग आला की तो ठेवायचा कुठं? मी म्हटलं, बरोबरच होतं त्यांचं, नेलं नसतं मी. त्या म्हणाल्या, म्हणूनच. आणि रडायला लागल्या. मी तिथं बसून राहिलो. बाईमाणसाला रडताना काय म्हणायचं हे मला पंचफुलाच्या वेळीही जमलं नव्हतं.

बाहेर समीर बाल्कनीत उभा होता. मी निघालो तसा लिफ्टपर्यंत आला. लिफ्ट आली, गेली, त्यानं बटण दाबलं नाही. मग विचारलं, "मामा, बाबांनी हाक मारली होती का?"

मी म्हटलं, मला ऐकू आली नाही.

त्यानं मान हलवली. पण मी काय विचारलं आणि तुम्ही काय सांगितलं, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. चूक त्याची नव्हती. त्यानं विचारलं होतं मारली का. मी सांगितलं ऐकली नाही. मधलं मला माहीत नाही, अन् मला माहीत असण्याची काही वाटही नाही. त्यानंतर तो घरात माझ्याशी नीट बोलायचा, पाणी द्यायचा, जेवायला वाढायचा, पण डोळे दुसरीकडं असायचे. करुणा दोघांच्या मध्ये. ती मला म्हणाली, बाबा, त्याला झोप नाही. मी म्हटलं, मला तरी कुठं आहे.

महिनाभरानं समीर मला न्यायला आला. गाडीवर दोन्ही सायकली बांधलेल्या. त्यानं सांगितलं नाही कुठं, मी विचारलं नाही. गेटावरच्या पेद्दन्नानं आम्हाला बघितलं आणि दांडा वर केला. समीर त्याच्या बापाच्या सायकलवर होता. तो मागं थांबला, मी पुढं झालो. कपारीपाशी आलो तेव्हा त्यानं ब्रेक मारला. सायकल स्टँडवर लावली, बापानं लावली होती तशीच, आणि खाली बसला. म्हणाला, मामा, तुम्ही वर जा. त्या दिवशी गेला होतात तसेच जा. मी इथून हाक मारतो.

मला कळलं त्याला काय पाहिजे ते. म्हणावंसं वाटलं, नको रे, ह्यात काही निघायचं नाही. पण मी सायकलवर बसलो. चढावर दम लागतो, माझाही लागतो, कानांत आपलाच श्वास घुमतो, खाली चाकाखाली खडी करकरते. मी ऐकायचा प्रयत्न करत होतो. काही आलं नाही. इंजिनघरापाशी पोहोचलो, उतरलो, बाकाला हात लावून उभा राहिलो. श्वास खाली बसला. मग आली. लांबून, पण स्पष्ट. बापाच्याच आवाजात म्हटलं तरी चालेल, इतका सारखा आवाज आहे पोराचा.

"इवाई..."

मी खाली आलो. तो तसाच बसलेला होता. विचारलं, आली का ऐकू? मी म्हटलं, आली. कधी आली? वर जाऊन थांबलो, तेव्हा एक आली. त्यानं खालची खडी मुठीत घेतली, टाकली. मग म्हणाला, मामा, मी तुम्ही निघाल्यापासून मारत होतो.

खोटं बोलायला मला जमलं असतं. निघाल्याबरोबरची पहिलीच हाक ऐकली म्हटलं असतं, तर त्याला वाटलं असतं बापानं हाक मारलीच नाही, शांतपणे गेला. पण तो तोंडाकडं बघत होता, आणि माझं तोंड काही लपवत नाही, सगळ्यांना माहीत आहे. मी त्याच्याशेजारी बसलो. दगड गार होता. समोर खाणीच्या पाण्यावर एक पाणकावळा बुड्या मारत होता, वर यायचा, पंख वाळवायचा, परत जायचा. बऱ्याच वेळानं समीरनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काढला नाही.  

उठलो तेव्हा तो सवयीनं बाजूला झाला, मला वाट द्यायला. मी म्हटलं, तू पुढं हो. तो म्हणाला, मामा, नाही. मी म्हटलं, समीर, ऐक माझं, पुढं हो. मग झाला. उतारावर मी त्याच्या पाठीवरनं नजर काढली नाही. शर्टाला घाम आला होता, खांदे हलत होते. खडीच्या धक्क्यांनी की रडण्यानं, ते मागनं कळत नव्हतं. पण तो दिसत होता. गेटापर्यंत दिसत होता.

आता मी रविवारी कुकटपल्लीला जातो. विकाराबादला पुन्हा गेलो नाही, कुणी जाऊ या म्हणत नाही. वसंतरावांची सायकल बाल्कनीत, तुळशीच्या कुंडीशेजारी उभी असते. तिच्यावर कुणी बसत नाही, तरी आठवडाभरात हवा उतरते. सकाळी चहा झाला की समीर पंप काढतो. मी सायकल सरळ धरतो, तो पंप मारतो. मधे थांबून मी अंगठ्यानं टायर दाबून बघतो. अजून थोडी, असं म्हणतो. तो मारतो.